रेषेच्या अलीकडे थांबलेली बस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आगाराचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावर उपस्थित असलेले मुख्य अभियंता साहेब, कार्यशाळेतील सर्व कारागीर मंडळी, माझे चालक-वाहक बंधू आणि भगिनी, त्यांच्याबरोबर आलेली घरची माणसं, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे आपापल्या पाळ्या बदलून इथे जमलो ते आपले थोरले मिस्त्री व आमच्या वहिनी, सर्वांना माझा नम्र नमस्कार.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी चालक माणूस. आयुष्यभर माणसं माझ्या पाठीमागे बसली. आज पहिल्यांदाच एवढी समोर बसली आहेत, त्यामुळे नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. सवयीने मघापासून आरसा शोधतोय. आपल्या सूत्रसंचालक बाईंनी थोडक्यात आटपा असं बजावलं आहे. चहा तयार आहे, हे मलाही दिसतंय. तरीही थोडं सांभाळून घ्या, कारण मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात सांगता येण्यासारखं नाही.

काल संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो आणि विचारलं, मिस्त्रींबद्दल काय बोलू आणि काय नको? वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सगळं सांगा. हसतील तिथे हसू द्या. झाकून ठेवून ठेवून मी थकले." त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते त्यांच्या परवानगीने. कोणाला खटकलं तर राग माझ्यावर काढावा.

थोरल्या मिस्त्रींचं काम कसं होतं, हे या सभागृहात मी कोणाला सांगू? बसमध्ये काय बिघडलंय ते इंजिनाजवळ नुसतं उभं राहून त्यांना कळायचं. पण हाच माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या स्कूटरला हात लावायचा आणि सगळा आनंदीआनंद व्हायचा. वहिनी म्हणायच्या, बसचे डॉक्टर आहेत, पण स्कूटरचे कसाई. त्या स्कूटरला वहिनी 'माझी सवत' म्हणतात, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सकाळी सकाळी गल्लीत गोणपाट अंथरायचं, त्यावर सवतीचे अवयव मांडायचे आणि दुपारी ते परत जोडायचे, हा मिस्त्रींचा सुट्टीचा कार्यक्रम. जोडून झालं की एखादा नट हातात उरायचाच. मिस्त्री तो उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, हा कारखान्यातूनच जास्तीचा आला होता.

एकदा त्यांनी मागच्या दिव्याच्या तारा बदलल्या. काय जोडलं कुणास ठाऊक, ब्रेक दाबला की हॉर्न वाजायला लागला. थांबायचं म्हटलं की भोंगा. दवाखान्यासमोरून जाताना भोंगा, शाळेसमोरून जाताना भोंगा. आमच्या फाटकातून आत येताना तर पहारेकरी उठून उभा राहायचा. मी विचारलं, मिस्त्री, हे काय? तर म्हणाले, "मागच्याला दिवा दिसतो, पुढच्याला आवाज ऐकू येतो. सोय केली आहे." ही सोय त्यांनी कितीतरी दिवस चालवली, पण चूक झाली असं काही तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या एका वेळी स्कूटर सुरूच होईना. मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला, साफ केला, परत उघडला, परत साफ केला. शेवटी स्कूटर ढकलत कार्यशाळेत आणली. सगळे कारागीर गोळा झाले. जो तो आपली अक्कल पाजळू लागला. तेवढ्यात आपल्या एक वाहक भगिनी, त्या आज समोर बसल्या आहेत आणि आत्ताच हसायला लागल्या आहेत, त्या तिकिटाचं यंत्र जमा करायला निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी विचारलं, पेट्रोल आहे का? टाकी उघडून पाहिली. ठणठणीत कोरडी. त्या दिवशी मिस्त्रींनी सगळ्यांना चहा पाजला आणि शपथ घातली की हे वहिनींपर्यंत जाऊ नये. चहा पिऊन होण्याआधी ते गेलं होतं.

हसा, हसा. मिस्त्रीही हसायचे. आत्ता मात्र त्यांचं माझ्याकडे लक्ष नाही. ते मघापासून वर पंख्याकडे बघताहेत. त्याचा आवाज बरोबर येत नाही, हे त्यांना कळलेलं दिसतंय. अध्यक्ष महोदयांनी तेवढं लक्षात घ्यावं.

मंडळी, यानंतरच्या चुका तशा नव्हत्या. पण चुकीवर कारण थोडंच लिहिलेलं असतं? एकदा मिस्त्रींनी सकाळी स्कूटरचं ऑइल बदललं आणि दुपारी परत बदललं. चांगलं नवंकोरं ऑइल काढून टाकलं. आम्ही म्हणालो, सवतीचे लाड चालले आहेत. मग एकदा त्यांनी खालचा बोल्ट न लावताच वरून ऑइल ओतलं. ते सगळं गल्लीभर पसरलं. शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून त्यांचा उद्धार केला आणि आम्ही तो किस्सा जेवणाच्या सुट्टीत चवीने ऐकला. हातात पाना धरून ते वहिनींकडे पाना मागायचे. वहिनी त्यांच्या हाताकडे बोट दाखवायच्या. दोघं हसायची. नंतर नंतर एकट्या वहिनीच हसायच्या, त्यांना बरं वाटावं म्हणून.

मग वाळूच्या ढिगाचा किस्सा झाला. तो आठवत असेल. मिस्त्री आणि वहिनी बाजाराला निघाले आणि उतारावर स्कूटर थेट एका घराच्या बांधकामाच्या वाळूत घुसली. मिस्त्रींनी तो इतका रंगवून सांगितला की आम्ही पोट धरून हसलो. वाळू नसती तर थेट त्यांच्या दिवाणखान्यात चहाला गेलो असतो, असं म्हणाले. वहिनींच्या मनगटाला मात्र प्लास्टर लागलं होतं, म्हणून मी त्यांना भेटायला घरी गेलो.

मिस्त्री आतल्या खोलीत झोपले होते. वहिनींनी एका हाताने चहा केला. मला करू दिला नाही. कप पुढे सरकवून त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. मिस्त्रींनी आदल्या दिवशी मागचा ब्रेक उघडला होता, तो जोडला, पण तार आवळणारा नट लावायचा राहिला. उतारावर मागचा ब्रेक रिकामा गेला आणि नुसत्या पुढच्या ब्रेकने दोघांचं वजन आवरेना. इथवर मी म्हणालो, होतं असं वहिनी, माणूस आहे. तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, नट विसरले त्याचं काही नाही. आपण ब्रेक उघडला होता, हेच त्यांना आठवत नाही. मला विचारतात, माझ्या स्कूटरला कोणी हात लावला?"

मंडळी, मी कप खाली ठेवला. कारण आपल्या आगारातल्या बसचे ब्रेक कोणाच्या हाती होते? वहिनींना ते माझ्याआधी उमगलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही बस चालवता, तुम्हीच सांगा मी काय करू. साहेबांना सांगितलं तर यांचं काम जाईल आणि काम गेलं तर यांच्याकडे उरेल काय? नाही सांगितलं तर माझ्या मनगटावर भागलं, तसं दर वेळी भागेल का? मी बघतो म्हणालो आणि निघालो. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्याशी तुम्हीच बोला, दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांना कळायला नको.

मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण त्याआधीच दुसऱ्या दिवशी ती बस आली.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या कार्यशाळेत थोरल्या मिस्त्रींचा एक शिरस्ता होता. नियमांच्या पुस्तकात तो कुठेही नाही आणि साहेबांना तो मुळीच पसंत नव्हता. बसच्या ब्रेकचं काम झालं की मिस्त्री अंगणात खडूने एक रेषा मारायचे आणि तिच्यामागे स्वतः उभे राहायचे. चालकाने वेगात बस आणायची आणि रेषेवर थांबवायची. बस आणि मिस्त्री यांच्यामध्ये वीतभर जागा उरायची. ते डोळे मिटायचे नाहीत की पाय हलवायचे नाहीत. म्हणायचे, माझ्या ब्रेकच्या भरवशावर लोक मुलंबाळं घेऊन बसतात, मग मी समोर उभा राहायला काय हरकत आहे? आम्हा चालकांचा त्यांच्या हातावर इतका भरवसा होता की रेषा अगदी जवळ येईपर्यंत आमचा पाय ब्रेककडे वळायचाही नाही.

त्या दिवशी ब्रेकचं काम मिस्त्रींनीच केलं होतं. मी ड्यूटीवर आलो तोवर बस अंगणात तयार होती. रेषा मारलेली होती. मिस्त्री तिच्यामागे उभे होते आणि हात करून मला बोलावत होते. उतरून सांगावं, तर सगळी कार्यशाळा बघत होती. सगळ्यांसमोर त्यांना काय सांगू? मी बस सुरू केली. निघालो. समोर ते नेहमीसारखे उभे, हात पाठीमागे बांधलेले. आणि माझ्या डोळ्यांपुढे वहिनींचं प्लास्टर आलं.

मी ब्रेक दाबला. रेषेच्या पुष्कळ अलीकडे दाबला. बस जागच्या जागी थांबली. मिस्त्री आणि बस यांच्यामध्ये आणखी एक बस मावली असती.

मिस्त्री चालत माझ्या खिडकीखाली आले आणि वर बघून म्हणाले, "आज लवकर दाबलास."

मी म्हणालो, "हो."

"का?"

मी स्टीअरिंगकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे बघत होते. इंजिनाचा आवाज ऐकताना ते जसे बघायचे, तसे. मग त्यांनी खिशातलं फडकं काढून हात पुसले आणि म्हणाले, "बरोबर केलंस."

तिथून ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. साहेब आज अध्यक्षस्थानी आहेत, चुकलो तर त्यांनी दुरुस्त करावं. मिस्त्रींनी सांगितलं की आजपासून मला ब्रेकच्या कामावर ठेवू नका. साहेबांनी कारण विचारलं. मिस्त्री म्हणाले, माझ्या चालकाचा माझ्यावरचा भरवसा उडाला आहे आणि तो उगाच भरवसा सोडणारा माणूस नाही.

त्यानंतर त्यांच्या हाताखालच्या धाकट्या मिस्त्रींनी त्या बसचे सगळे ब्रेक उघडून पाहिले. एकही नट सैल नव्हता. एकही स्प्रिंग चुकली नव्हती. काम नेहमीसारखं चोख होतं. मंडळी, या माणसाने काय चुका केल्या त्या स्वतःच्या स्कूटरवर केल्या. लोकांच्या बसवर एकही केली नाही. आणि तरीही त्यांनी हात बाजूला घेतला, पुढे चूक होईपर्यंत थांबले नाहीत. मी त्या दिवशी लवकर ब्रेक दाबला याची मला लाज नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा दाबेन. पण त्याचं दुःख मला आहे आणि ते जाईल असं वाटत नाही.

डॉक्टरांनी नंतर विस्मरणाचा आजार सांगितला. साहेबांनी मोठ्या मनाने त्यांना हत्यारांच्या खोलीत काम दिलं. तिथे ते पाने पुसून ओळीने लावायचे. पण आजार भराभर पुढे गेला. घरचा रस्ता चुकायला लागला, माणसं चुकायला लागली. म्हणून निवृत्तीच्या मुदतीआधीच हा समारंभ करावा लागतोय. वहिनींनी स्कूटर विकून टाकली. सवत गेली तर बाईला बरं वाटायला हवं ना? त्या दिवशी वहिनी दारात बसून हमसाहमशी रडल्या.

आज सकाळी मी या दोघांना आणायला गेलो. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. मला त्यांनी चालक म्हणून ओळखलं, नाव काही आलं नाही. विचारलं, आज कुठे? मी म्हणालो, आगारात, एका मिस्त्रीला निरोप द्यायचा आहे.

ते म्हणाले, "कामाला कसा होता?"

मी म्हणालो, "फार चांगला."

"मग असा मध्येच का चाललाय?"

वहिनी त्यांच्या शर्टाची कॉलर नीट करत होत्या. त्या म्हणाल्या, "दमलाय हो तो."

मिस्त्रींनी मान हलवली. मला म्हणाले, "त्याला सांग, मागची काळजी करू नकोस म्हणावं. मागचं मी बघतो."

मंडळी, वेळ बराच घेतला. चहा निवला असेल, त्याबद्दल सूत्रसंचालक बाईंची माफी मागतो. अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहिनींनी मन घट्ट करून हे सगळं सांगायची मोकळीक दिली, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या भरात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर या अडाणी वक्त्याला उदार मनाने क्षमा करावी.

आणि मिस्त्री, तुम्ही सांगितलेलं मी त्याला सांगितलं आहे. आता तो निर्धास्तपणे घरी जाईल.