वयनी सुटली

आई: ती ट्रंक भरणं थांबव आधी. नववा सरत आलेली लेक माहेरातून रुसून निघाली, असं मुलुंडात अजून कुणी ऐकलेलं नाही. तो मान आपल्या घराला नको.

कुंदा: मी रुसले नाही. बोरिवलीला चाललेय, माझ्या घरी. विद्याधर येतील संध्याकाळी न्यायला. शेजारच्या शुभाकडे निरोप दिलाय, तिचं ऑफिस त्यांच्या ऑफिसाला लागूनच आहे.

आई: म्हणजे शेजारीही वर्दी गेली. छान. आणि सासूबाईंना काय सांगणार? पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि ही बाई पोट घेऊन परत का आली?

कुंदा: खरं ते सांगेन. माझ्या बाबांना मी जड झाले.

आई: जीभ आवर गं. ह्यांच्याबद्दल तसं बोलशील तर मीच तुला पोचवून येईन.

कुंदा: मग दुसरं काय समजू? नर्सबाई परवाच सांगून गेल्या ना, आता कधीही. आणि त्याच रात्री बाबा भाताकडे बघून म्हणतात, मी जरा दाभोळला जाऊन येतो, पावसाआधी कौलं परतायचीत. काका तिथे बसून काय करतात? इतकी वर्षं कौलं त्यांनीच परतली ना? ह्या वर्षीच बाबांचे हात लागायला हवेत त्या कौलांना?

आई: हात कसले लागतायत. शिडी बघितली तरी ह्यांना घेरी येते.

कुंदा: बघ. तूच कबूल करतेस. आठ दिवस झाले, माझ्याशी धड बोलत नाहीत. मी ओटीवर आले की बाबा परसात. मी परसात गेले की त्यांना बाजारात काम. मला भीती वाटते गं, आई. घरात बाबा आहेत एवढं कळलं तरी मला पुरे होतं. त्यांनी काही करायला नको. पण ते चाललेत, तर मी पण जाते.

आई: बस इथे. पाय वर घे. सुजलेत बघ. मीठ कमी खा, नर्सबाईंनी बजावलंय.

कुंदा: मिठाचं काय मध्येच?

आई: मध्येच नाही. तुझ्या वेळी मला मिठाचे डोहाळे लागले होते. बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, एखादीला माती. मला खडेमीठ. हे तेव्हा भांडुपच्या मिठागराच्या कचेरीत कारकून. रोज संध्याकाळी रुमालाच्या टोकाला चार खडे बांधून आणायचे, चोरून, सुईणीला कळू नये म्हणून. मी दाराआड उभी राहून चोखत बसायची. माझे पाय फुगून हे एवढे खांब झाले. सुईणीनं विचारलं, मीठ खातेस का गं? मी म्हटलं, छे. आणि हे मागून म्हणाले, अगदी थोडं.

कुंदा: बाबा असे होते?

आई: अजून आहेत. तू म्हणूनच अशी खारट निपजलीस.

कुंदा: विषय बदलू नकोस. असे होते, तर आता पळतायत का?

आई: सांगते. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण तू ट्रंक भरून बसल्यावर ठरलेलं काय कामाचं? फक्त मधे हसू नकोस, आणि घाबरू पण नकोस.

कुंदा: आता तर आधीच घाबरले.

आई: मला माहेर उरलं नव्हतं, म्हणून तुझं बाळंतपण सासरीच, आणि त्यात मी अडले होते. कळा सुरू झाल्या त्या थांबेचनात, आणि तू काही बाहेर यायचं नाव घेईनास. आदल्या रात्रीपासून सगळं घर टांगणीला. सकाळी सुईण ह्यांना म्हणाली, देवावर हवाला ठेवा आणि कामावर जा, इथे तुमची अडगळ होते. आता जा म्हटल्यावर जाणारा माणूस. गेले. हिशेबाला बसले असतील, पण लक्ष कुठलं लागणार?

कुंदा: मग?

आई: मग तू आलीस, भर दुपारी. सुखरूप. शेजारी दशरथ राहायचा, मालवणकडचा, गिरणीत होता. दुपारच्या पाळीला निघाला होता. सुईण म्हणाली, अरे, वाटेत ह्यांच्या कानावर घालून जा. तो गेला मिठागरावर, बांधावरूनच ओरडला, 'ओ दादानू, वयनी सुटली. घराक जावा.' आणि पाळी चुकेल म्हणून तसाच पुढे पळाला.

कुंदा: बरं. मग त्यात काय?

आई: सुटली म्हणजे काय गं?

कुंदा: सुटली म्हणजे बाळंत झाली. मोकळी झाली.

आई: आणखी?

कुंदा: आणखी काय? ... अगं बाई.

आई: हां. आमच्या घरमालकाची म्हातारी त्याच महिन्यात गेली होती. कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण दारात एकच म्हणायचा, सुटली बिचारी. ह्यांनीही खांदा दिला होता, ह्यांनीही म्हटलं होतं, सुटली एकदाची. तोच शब्द कानात बसलेला. त्यात दशरथाचं तोंड म्हणजे लग्नाच्या पंगतीतसुद्धा सुतक पाळल्यासारखं. काय समजणार मग माणूस?

कुंदा: बाबांना वाटलं तू...

आई: तसंच वाटलं. दशरथाला थांबवून विचारायचं भान राहिलं नाही. मिठागरावरचे चार गडी ह्यांच्यावर जीव टाकणारे. त्यांनी झोपडीच्या झापातले बांबू उपसले, काथ्या घेतला. वाटेत कुंभाराकडून हे स्वतः मडकं घेऊन आले.

कुंदा: आई, पुरे.

आई: आता पुरे कसलं, ऐक. हे अंगणात आले ते पायरीवर डोकं धरून बसले. गडी बिचारे बांबू बांधायला लागले. सुईण पाणी टाकायला बाहेर आली, बघते तर ही तयारी. म्हणाली, काय रे हे? एक जण म्हणाला, बाईंना न्यायला आलोय. तिला वाटलं डोली बांधतायत, दवाखान्यात न्यायला. म्हणाली, काही न्यायला नको, तिला पेज पाजलीय, जरा डोळा लागू दे.

कुंदा: पेज पाजलीय म्हणाली?

आई: गडी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मेलेल्या बाईला पेज. आता हसलीस ना? मी सांगितलं होतं हसू नकोस.

कुंदा: मी हसत नाही गं. पोट दुखतं असं केलं की. मग बाबा?

आई: हे धावत आत आले. सोवळं-ओवळं राहिलं बाजूला, बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभे. हातात मडकं. मी त्यांच्याकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं, आणि मला सगळं कळलं. मला असं हसू फुटलं की सुईण ओरडायला लागली, रक्त जाईल म्हणून. ह्यांना काही हसू येईना. नुसते उभे.

कुंदा: आणि त्या बांबूंचं काय केलंत?

आई: सुईण म्हणाली, जाळा. मी म्हटलं, बांबूला काय ठाऊक आपल्याला कशाला आणलंय ते? त्यातल्याच दोघांना आडवं घालून तुझा पाळणा टांगला. उरलेले दोन बारशाच्या मांडवाला गेले.

कुंदा: माझा पाळणा? तिरडीच्या बांबूंवर?

आई: तिरडी झालीच कुठे? झाला तो पाळणा. पण ह्यांच्या मनातून ते गेलं नाही. सुईण जाता जाता फटकन बोलून गेली होती, पहिल्या लेकीच्या तोंडावर बापानं बांबू आणले, शोभतं का हे. ते लागलं ह्यांना. वर्षाची व्हायच्या आत तुला गोवर आला, तो पोटात गेला. तू वाचतेस की नाही अशी झालीस. हे म्हणायला लागले, मीच आणलं हे. तुझ्या पाठच्या श्यामकांतच्या वेळी काही सांगितलं न सवरलं, दाभोळला निघून गेले. तो अलगद झाला. झालं. त्या दिवसापासून ह्यांचं पक्कं आहे, आपण घरात नसलो की बाळंतपण नीट होतं.

कुंदा: म्हणून कौलं.

आई: म्हणून कौलं. तुझ्यावर रागावले नाहीत गं. तुला नजर लागू नये तशी स्वतःची सावली लागू नये म्हणून जीव मुठीत धरून फिरतायत.

(ओटीवर चपला काढल्याचा आवाज. हातात भाजीची पिशवी घेऊन बाबा आत येतात.)

बाबा: ही ट्रंक कुणाची मधे? मी माझी वळकटी अजून बांधली नाही.

कुंदा: माझी आहे. तुम्ही दाभोळला, मी बोरिवलीला. आई घर राखील.

बाबा: तू कशाला? तुझी इथे सगळी तयारी झालीय. नर्सबाईंना सांगून ठेवलंय. बंब दुरुस्त करून आणला. डिंक आणला, खारका आणल्या. आता बाळंतशेपा घेऊन आलो.

कुंदा: सगळं आणलंत. तुम्ही नाही ना पण.

बाबा: माझं काय काम त्यात? बायकांचा कारभार. माझी उगाच अडगळ.

आई: मी सांगितलं तिला.

बाबा: काय सांगितलंस?

आई: मडक्याचं.

बाबा: अगं, ह्या दिवसांत? तिला ह्या दिवसांत सांगायचं ते? तुला काही काळवेळ?

कुंदा: बाबा, मला काही झालं नाही. उलट बरं वाटलं. मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर नाराज आहात.

बाबा: तुझ्यावर? तुझ्यावर कशाला नाराज होऊ? पोरी, मी कचेरीत एक आकडा दोनदा तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि घरचा निरोप आला, तर एका शब्दावर विश्वास ठेवून बसलो. उलटून विचारलं नाही. ज्या माणसाच्या मनात आधी वाईटच येतं, त्यानं अशा वेळी लांब राहावं. मी नसताना श्यामकांत किती सहज झाला, तुझी आई सांगेल.

आई: सहज? श्यामकांतच्या वेळी मी अर्धा वेळ ह्या विचारात, की दाभोळची बोट नीट पोचली असेल ना. आता मी पण एक सांगते, जे कधी सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही पायरीवर बसून रडत होतात, ते मला आत ऐकू येत होतं.

बाबा: ऐकू येत होतं?

आई: कुडाची भिंत. पलीकडे कुणी पान खाल्लं तरी कळायचं. आधी मला वाटलं, मुलगी झाली म्हणून रडतायत. तोंड भिंतीकडे करून पडले, पोरीकडे बघवेना मला. मग तुम्ही काय म्हणत होतात ते कानावर आलं. तिला राणीची बाग दाखवायची राहिली, तिला राणीची बाग दाखवायची राहिली. एवढंच, पुन्हा पुन्हा.

बाबा: मला आठवत नाही.

आई: मला आठवतं ना. सासरी येऊन मला दोन वर्षं होत होती. तुम्ही माझ्याशी चार शब्द बोलायचे ते सासूबाई देवळात गेल्यावर. मी आहे-नाही ह्याचं कुणाला काही आहे का, हे मला ठाऊक नव्हतं. ते त्या दिवशी कळलं. आपल्यामागे नवरा किती रडेल हे कुठल्या बाईला जिवंतपणी ऐकायला मिळतं? तुम्ही अपशकुन म्हणून धरून बसलात, आणि मी त्याच्या जोरावर एवढा संसार केला.

बाबा: हे आधी सांगायचंस.

आई: तुम्ही कुठे थांबत होतात ऐकायला? बाळंतपणाचा विषय निघाला की तुमची वळकटी तयार.

कुंदा: बाबा, बसा ना जरा. ती पिशवी खाली ठेवा.

बाबा: बोट उद्याची आहे.

आई: जाईल ती तुमच्यावाचून. कौलंही भावजी परततील, दर वर्षी परततात तशी.

कुंदा: मला कुणाचा पायगुण नकोय, बाबा. मला तुम्ही हवे आहात. इतकंच आहे.

बाबा: तू थांबणार असशील तर... विद्याधरांना काय सांगायचं मग? ते येतील ना संध्याकाळी?

कुंदा: जेवून जातील. तुम्ही राहताय का सांगा.

बाबा: राहतो. राहीन. पण कुंदा, एक आहे. दाराबाहेर बसल्यावर आतून आवाज आला, किंवा येता येता थांबला, तर मी काय समजायचं? माझं मन लगेच भलतीकडे धावतं. दुसऱ्या कुणी काही सांगितलं, तरी मला ते नीट ऐकू येईल असा भरवसा नाही.

कुंदा: मग दुसऱ्या कुणाला विचारूच नका. मला हाक मारा. मी ओ देईन.