अख्ख्या घराची किल्ली

सातपूरच्या दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बसवलं होतं. दिसत काही नव्हतं, कान मात्र माझे अजून कोणाला हार जात नाहीत. शेजारी मायलेकी होत्या. माय बोलण्यावरून नांदगावकडची, लेक इथल्याच कंपनीत कॉम्प्युटरचे गेम बनवणारी.

"साहेबाला नाही म्हणालीस? कशापायी?"

"आमचा गेम आता लिनक्सवर आणायचाय, आई. कॉम्प्युटर त्याच्यावर चालतो. जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, आत काय आहे ते कोणीही उघडून बघावं."

"मग चांगलं हाय की."

"गेम तसा नाही ना. तो आतलं कोणाला दाखवत नाही. शिवाय, खेळणारा लबाडी करतो का ते बघायला सगळ्या कॉम्प्युटरचा ताबा मागतो."

"म्हणजे भाडेकरू आपल्या खोलीला कुलूप लावणार, अन् मालकाकडं अख्ख्या घराची किल्ली मागणार."

"तेच. साहेब म्हणतात, हे लोकांना सांगायचं नाही. मी म्हटलं, मग मी गेम पुढं पाठवणार नाही."

"नोकरी गेली तर?"

"आज फोन करून सांगणार आहेत."

"तुझ्या मामाला काय सांगू? तुझ्या नोकरीचं गावभर बोलून बसलेय मी."

फोन वाजला.

"साहेबांचाच आहे."

"उचल. अन् उठतेस कशाला? बसूनच बोल."

"हो सर. नाही, विचार तोच आहे. लोकांना सांगायलाच हवं. बरं सर, उद्या येऊन माझं सामान नेते."

माय माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माझी पोरगी हाय."

मी काही विचारलं नव्हतं.