दोन खडे जास्त

बखीता : ‘सूर्य बुडाला की धुपाटणं हातात घ्यायचं, आणि घरातली एकही खोली सोडायची नाही.’ हे तुझ्या आईचे शब्द आहेत, माझे नाहीत. दारातून बाजूला हो, तुफूल.

(ओमानमधलं सलाला. ऑगस्टचं धुकं खिडकीला टेकलेलं. तुफूलच्या खोलीत टेबलाखालचा कॉम्प्युटर ओढून मधोमध काढलेला. दारात तिची भावजय बखीता, हातात पेटतं धुपाटणं.)

तुफूल : धूर नंतर. आधी सांग, मी उठले की माझ्या टेबलाखाली कोण जातं?

बखीता : उंदीर जात असतील.

तुफूल : उंदीर कॅमेऱ्याची वायर सरळ करून ठेवत नाहीत. मी वेटोळं घालून गेले होते.

बखीता : झाडायला जाते मी. कुणीतरी झाडायला हवंच ना? तू त्या पडद्याला डोळे लावून बसणार, आणि खोलीत मुंग्यांची वरात.

तुफूल : उद्या सकाळी माझी परीक्षा आहे.

बखीता : ठाऊक आहे. गल्लीतल्या बकऱ्यांनाही ठाऊक आहे.

तुफूल : मागच्या वेळी मधेच कॅमेरा गेला आणि परीक्षा रद्द झाली. उद्या पुन्हा गेला तर सोहारच्या बंदरातली नोकरी गेली, तिसरी संधी देत नाहीत. घरी बसून द्यायची, पण कॅमेरा शेवटपर्यंत चालू हवा. आणि हा बघ, आत्ता लावला... टिंग. ऐकलंस? आता टुंग. गेला.

बखीता : मला काय ऐकवतेस? मला गाईंची भाषा कळते, पेटीची नाही.

तुफूल : वायर बदलली. शेजारच्या गनियाचा कॅमेरा आणून पाहिला, तोही तसाच. म्हणजे दोष कॅमेऱ्यात नाही. पुढे लावला, मागे लावला. वीज वाचवायची सेटिंग असते, ती बंद केली. आतलं सगळं पुसून नवं घातलं. माऊससुद्धा मधेच मरतो. म्हणजे यूएसबीची सगळी भोकंच दगा देताहेत. आणि सगळी भोकं एकदम आपणहून बिघडत नाहीत, बखीता. कुणीतरी बिघडवतं.

बखीता : आडून बोलू नकोस. नाव घे.

तुफूल : घेते. मी सोहारला गेले तर तुझी पोरं कोण सांभाळणार? तू सकाळी शाळेत शिकवायला जाणार, दादा छावणीत. फुकटची आया हातची जाईल ना तुझ्या!

बखीता : फुकटची? आणि तू जेवतेस तो भात काय फरिश्ते शिजवून जातात?

तुफूल : आई होती तोवर हा कॉम्प्युटर एकदा रुसला नाही. आई गेली, किल्ल्या तुझ्या हातात आल्या, आणि हे सुरू झालं.

बखीता : तोंड सांभाळ. मी डोंगरावरची आहे. आमच्याकडे वार करायचा तर समोरून करतात.

तुफूल : गोठ्यात वाढलेल्या बाईनं मला...

बखीता : आणि तुझ्या आजीनं किनाऱ्यावर सार्डिन मासे वाळवले. त्याचा वास अजून या घरातून गेला नाही.

तुफूल : आजीला मधे आणू नकोस!

बखीता : गोठा कुणी आणला?

तुफूल : ते धुपाटणं बाहेर ठेव आणि ही टॉर्च धर. तुझ्यासमोरच उघडते हा. आत एक जरी वायर उपटलेली दिसली ना, लगेच दादाला फोन.

बखीता : कर. प्लग काढलास का? नाहीतर मरशील, आणि तेही माझ्याच नावावर येईल.

तुफूल : काढलाय. जरा वर धर. माझ्या डोळ्यात नको, आत!

बखीता : डोळ्यातच मारावीशी वाटते. धरलीय.

तुफूल : वायरी... वायरी सगळ्या जागच्या जागी आहेत.

बखीता : फोन करणार होतीस ना? तुझ्या मुसल्लमदादाला माझाही सलाम सांग.

तुफूल : थांब. हे काय? पंख्याच्या पात्यांवर पिवळं काहीतरी, चिकट. धूळ अशी बसत नाही. भोकांतसुद्धा तेच आहे. स्पिरिटची बाटली दे, आणि काडीला कापूस गुंडाळ.

बखीता : घे.

तुफूल : एवढा बोळा? उंटाचा कान साफ करायचाय का? दाताच्या काडीला, अगदी बारीक.

बखीता : उंटाचा केला असता तर त्यानं एवढ्यात खुशीनं मान तरी हलवली असती.

तुफूल : बघ. तपकिरी निघालं. आतल्या पत्र्यांवर याचा थर बसलाय, वर हे धुकं, ही ओल. पत्र्याला पत्रा टेकतच नाही नीट. म्हणून कधी लागतं, कधी सुटतं. पण हे आलं कुठून? बखीता, वास घे.

बखीता : मला सर्दी आहे.

तुफूल : घे वास.

बखीता : घेतला.

तुफूल : लोबान आहे हा.

बखीता : अख्ख्या सलालात लोबान आहे.

तुफूल : अख्खं सलाला माझ्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरत नाही! आई रोज दारातून धूर दाखवायची, तेव्हा नाही कधी असं झालं. तू काय केलंस?

बखीता : टॉर्च खाली ठेवू का? हात भरून आला.

तुफूल : तू काय केलंस?

बखीता : कपड्यांना देतात तसा दिला. पेटीवर तुझ्या आईची शाल पांघरायची, कडेनं धुपाटणं आत सरकवायचं, धूर मुरेपर्यंत थांबायचं. तू पलीकडे नमाजाला बसलीस की. रोज.

तुफूल : शाल पांघरून? रोज?

बखीता : रोज. आणि मागच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दोन खडे जास्त टाकले होते. हिरवे, पाहुण्यांसाठी ठेवलेले.

तुफूल : या अल्ला! तूच बुडवलीस माझी परीक्षा.

बखीता : बुडवली. मला हे आत्ता कळतंय.

तुफूल : कुणी सांगितलं होतं तुला हे धंदे करायला?

बखीता : जिनं धुपाटणं हातात दिलं, तिनं. दवाखान्यात. तू खाली चहा आणायला गेली होतीस. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, ‘तुफूल शाळेत पहिली आली तेव्हापासून बायका येतात आणि त्या पेटीकडे टक लावून बघतात, नजर लागेल. मी नसले तरी पेटीला धूर चुकवू नकोस.’ मी म्हटलं, तिलाच सांगा ना. म्हणाल्या, ती हसेल.

तुफूल : हसेल? मी?

बखीता : हसली असतीस.

तुफूल : हो.

बखीता : मग मी शब्द दिला. त्यांनी दारातून हात फिरवला तरी पुरायचं, त्यांची दुआ तशी होती. माझी कुठली? मला वाटलं, माझ्याकडून कमी पडायला नको, म्हणून शाल घातली. नेम म्हणजे नेम. ताप होता तेव्हाही चुकवला नाही. आणि डोक्यात भलतं घेऊ नकोस हं, तुझ्यासाठी नव्हतं केलं. लग्नाच्या दिवसापासून तू मला आवडत नाहीस.

तुफूल : तूही मला नाही.

बखीता : चला, या घरात एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

तुफूल : काड्या कर अजून. मागची सगळी राहिलीत.

बखीता : केल्यात. घे. बारीक आहेत ना, का अजून उंटाच्याच?

तुफूल : चालतील.

बखीता : आता लाव की.

तुफूल : स्पिरिट उडू दे आधी. ओल्यात वीज सोडली तर उरलंसुरलंही जाईल.

बखीता : आणि पोरांचं म्हणशील, तर माझी धाकटी बहीण येणार आहे राहायला, धुकं सरलं की. केव्हाच ठरलंय. तू कधी विचारलंस?

तुफूल : तू कधी सांगितलंस?

बखीता : तू माझ्याशी बोलतेस ते एवढंच. ‘माझ्या टेबलाला हात लावू नकोस.’ त्याला उत्तर काय देणार?

तुफूल : सरक. लावते आता. कॅमेऱ्यासमोर बस. टिंग.

बखीता : ही मी? एवढं नाक?

तुफूल : आहे तेवढंच दिसतं. मान हलव. बोल काहीतरी, आवाजही बघायचाय.

बखीता : काय बोलू?

तुफूल : मघापासून काय गप्प बसली होतीस?

बखीता : या अल्ला, हिला पास कर आणि सोहारला धाड. लवकर धाड.

तुफूल : बोलत राहा.

बखीता : तिथे हिला हिच्यासारखीच साहेबीण मिळू दे.

तुफूल : टिकलाय. माऊसही टिकलाय. पुढचं एक भोक कायमचं गेलं, मागची चालताहेत. कॅमेरा मागेच लावते, वायर टेपनं बांधून टाकते. उद्या याच्याजवळ कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

बखीता : पोरांना गनियाकडेच ठेवीन दुपारपर्यंत.

तुफूल : कुठे निघालीस?

बखीता : निखारे विझवते. आजपासून या खोलीला सुट्टी. वर गेल्यावर सासूबाई विचारतील, तेव्हा मी देईन उत्तर.

तुफूल : आणि दिलेला शब्द?

बखीता : आता कळल्यावरही पाळू? पुन्हा बुडवू तुला?

तुफूल : पेटीजवळ आणलंस तर हात तोडीन तुझे.

बखीता : तेच म्हणतेय मी.

तुफूल : उद्या घालायची अबाया खुंटीला आहे. बाह्यांना जरीकाम आहे ती. अंगणात नेऊन तिला दे धूर.

बखीता : वरून काय पांघरू?

तुफूल : आईचीच शाल.

बखीता : आणि खडे?

तुफूल : हिरवे. पण नेहमीइतकेच, बखीता. दोन जास्त नकोत.

बखीता : बरं. मी गेले की दार लावून घे. वारा आज घराकडेच येतोय.