तीस गुरुजींची प्रार्थना

अरे, लष्कर भागात झालेल्या त्या संमेलनाचं तुम्हाला सांगितलंच नाही! समूहगान बसवणारे आम्ही तीस शिक्षक जमलो होतो. उद्घाटनाची प्रार्थना सगळ्यांनी गायची आणि समोर उभं राहून इशारे मी द्यायचे, असं ठरलं. मी हात उचलला, तर समोर एकोणतीसच्या एकोणतीस जणांचे हात वर! सवयच ना. जो तो इशारे देतोय, गात कुणीच नाही.

"अहो, गा ना कुणीतरी!" मी कुजबुजलो.

पुढच्या रांगेतल्या जोगळेकरबाई म्हणाल्या, "आधी तुमची लय तर सुधारू द्या."

मंचावरच्या पाहुण्यांना वाटलं, सगळे त्यांनाच हात करताहेत. ते उठले, दोन्ही हात हलवून खाली बसले. लगेच निवेदक माईकवर गरजला, "इतनी सुंदर प्रार्थना के लिए ज़ोरदार तालियाँ!"