नर्सच्या घड्याळासाठी एक डाव

मामा : पुन्हा तेच! डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलंस. म्हणजे चांगली पानं आली.

धाकटी : काहीतरीच काय, मामा! घाम आला म्हणून सरकवलं.

मामा : मोठी जोडी हातात आली की नेमका घाम येतो!

धाकटी : राण्यांची जोडी काही फार मोठी नसते.

मामा : घ्या! आता तर नावासकट सांगितलंस. उद्या दुपारी डबे खाऊन मिस्त्री आणि काकू, आपल्या दोघा जुन्या कारागिरांसमोर बसणार आहेस ना तू? मिस्त्री वीस वर्षं पोकर खेळतोय. काकू पंधरा.

धाकटी : आणि मी चार दिवस. माहितेय मला.

मामा : मग हा हट्ट कशासाठी? आजवर चहा आणायच्या निमित्तानं सटकायचीस, तेच बरं होतं.

धाकटी : बरं कसलं! वर्ष झालं दुकानात येऊन, नुसते घड्याळांचे सेल बदलतेय. शनिवारचा डाव जो जिंकेल त्यानं आठवड्यात दुरुस्तीला आलेलं हवं ते घड्याळ उचलायचं, हा तुम्हा तिघांचाच नियम ना? चांगली घड्याळं ते दोघं उचलतात, उरलंसुरलं माझ्या पदरात. या आठवड्यात त्या म्हाताऱ्या नर्सचं घड्याळ आलंय. छातीशी टाचायचं, उलटं लटकणारं. चावीचं आहे, मामा. मला ते उघडायचंय. नाहीतर सेल बदलता बदलताच माझे केस पिकतील.

मामा : हात थरथरायला लागला म्हणून मी काउंटरवर आलो, नाहीतर मीच बसलो असतो तुझ्यासाठी. पण काउंटरवाल्यानं खेळायचं नाही, हाही आमचाच नियम.

धाकटी : तू बसायचंच नाहीस. मलाच जिंकायचंय. शिकव तू.

मामा : मग कान उघडे ठेव. हात कितीही शिवशिवले तरी दहातले सात डाव पानं खाली ठेवून द्यायची. नवख्यांना पानं बुडवत नाहीत, कंटाळा बुडवतो.

धाकटी : आणि सात डाव बसून काय माश्या मारू?

मामा : माणसं बघ. काकूंना खोटं जमत नाही. त्यांनी ढीग पुढे सरकवला की निमूट माघार घ्यायची. मिस्त्री मात्र महाबिलंदर. हातात काही नसताना असा ब्लफ मारतो की समोरच्याची बोबडी वळते.

धाकटी : मग त्यांचा ब्लफ ओळखायचा कसा?

मामा : ते मला वीस वर्षांत कळलं नाही. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही त्याच्या.

धाकटी : आणि मीच ब्लफ मारला तर?

मामा : तू? राण्यांची बातमी आत्ता कुणी फोडली?

(दुसऱ्या दिवशी दुपारी. कामाच्या टेबलावर पत्ते आणि पैजेला लावलेल्या निकामी सेलचे ढीग. काकू हरून आपल्या कामाला लागल्या आहेत.)

मिस्त्री : उरलो आपण दोघं. ढीगही सारखेच. हे घे, माझे सगळे पुढे.

धाकटी : सगळे?

मिस्त्री : सगळे. ठेव पानं खाली, त्यात लाज कसली?

मामा : ठेव गं धाकटे! तो उगाच एवढे लावत नाही.

मिस्त्री : काउंटरवाल्यांनी गिऱ्हाईक बघावं.

धाकटी : जरा थांबा दोघंही. मला बघू दे.

मामा : बघतेस काय? पानं हातात आहेत, तू त्याच्या शर्टाकडे काय बघतेस?

धाकटी : खेळते मी. हे माझेही सगळे.

मिस्त्री : काय आहे तुझ्याकडे?

धाकटी : सत्तीची जोडी.

मामा : अरे देवा! सत्तीच्या जोडीवर सगळं लावलंस?

धाकटी : मिस्त्री, तुमची दाखवा.

मिस्त्री : एक राजा. बाकी कचरा. कसं कळलं गं तुला?

धाकटी : तुम्ही श्वास रोखला होता.

मिस्त्री : मी?

धाकटी : केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना रोखता ना, तस्सा. मघाशी काकूंनी तुमचा ब्लफ दोनदा पकडला, तेव्हाही तुमची छाती हलत नव्हती. पानं खरी होती तेव्हा आरामात श्वास चालला होता.

मामा : वीस वर्षं! वीस वर्षं मी याच्या थोबाडाकडे बघत बसलो!

धाकटी : मी वर्षभर शेजारी बसून त्यांचं काम बघतेय. सेल बदलायला असा कितीसा वेळ लागतो?

मिस्त्री : हं. मला वाटायचं, तू मोबाइल बघत असतेस. घे, उचल ते घड्याळ. तुझं झालं.

धाकटी : बाई गं, हात कापायला लागले माझे.

मामा : कापू देत. तुझे थांबतील.

मिस्त्री : आणि तुझं टेबल इकडे घे, खिडकीपाशी, उजेडात. माझं मी सरकवतो.