त्याचे हात वर का गेले

हॅलो?... हो ताई, मीच बोलतेय... नाही, त्याचा फोन कालपासून बंद आहे. कपाटात मोज्यांच्या खाली ठेवलाय. वाजलाच नाही तर उचलावाही लागणार नाही, असं तुमच्या भावाचं गणित.

झोपलाय आत्ता. जेवला आणि आडवा झाला... हो हो, नीट जेवला, दोनदा वाढून घेतलं. असू दे, उठवत नाही. काल रात्रभर नुसता कूस बदलत होता. त्याची झोप गेली आणि माझीही. पलंग एकच आहे ना घरात.

बोला ना. का घुटमळताय?...

ताई. तुम्हीसुद्धा?

नाही, रागावत नाहीये. पण तुम्ही त्याची सख्खी बहीण, आणि तुम्हीच विचारताय की मुद्दाम मारला का म्हणून?... कोण म्हणतंय असं?... अच्छा, दुकानदार... खुर्चीवरून उठून उभा राहिला तुम्हाला बघून? बघा, तुमच्याकडे मान मिळतोय, आणि आमच्याकडे दूधवाला सकाळी मान फिरवून गेला.

थांबा, पहिल्यापासून सांगते. वेळ आहे ना?... मग बसा. मी पण बसते. त्याच्या कपड्यांचा ढीग पडलाय इथे, घड्या घालता घालता सांगते.

कालची मॅच त्याची शेवटची, हे तर तुम्हाला ठाऊकच. आणि समोर नेमका तुमच्या गावचा क्लब यावा. ज्याने ह्याला शाळेतून उचलून स्ट्रायकर केला तो, आणि गुडघ्याचे दोरे तुटल्यावर दुसऱ्याला विकून टाकला तोही तोच... नाही हो, माझं कशाला वाकडं असेल त्यांच्याशी? तो गुडघा धड राहिला असता तर मला नवरा कुठून मिळाला असता. इकडच्या क्लबने याला घेतलं आणि गुडघा आणून ठेवला माझ्या फिजिओथेरपीच्या टेबलावर. वाकवा, सरळ करा. वाकवा, सरळ करा. पहिले सहा महिने आमचं बोलणं एवढंच. तो म्हणायचा दुखतंय, मी म्हणायचे दुखू दे. लग्नानंतरही फार काही बदललं नाही म्हणा.

पण पुढची वर्षं काय गेली, ताई. इथली माणसं रस्त्यात अडवून हात मिळवायची. न्हाव्याकडे पोरं याच्यासारखे केस कापून मागायची... अहो, होते तेव्हा केस.

आणि यंदा एक गोल नाही. सबंध मोसमात एकसुद्धा नाही. आधी शेवटची वीस मिनिटं मिळायची, मग दहा, मग नुसतं जॅकेट घालून बाकावर बसायचं. घरी आला की बूट उलटे करून तळ बघायचा, माती लागलीय का ते. नसायचीच... छे, तोंडाने कधी काही बोलला नाही. मीच चिडवायचे, म्हटलं क्लबचा बाक काय स्वच्छ पुसून ठेवतोस रे. हसायचा. पण ते हसणं कुठपर्यंत जातंय, ते कळतं ना आपल्याला.

तर काल. आम्ही एका गोलने पुढे. तुमच्या क्लबला बरोबरी तरी हवीच होती, नाहीतर ते खालच्या गटात घसरणार होते. तिकडे सगळ्यांचे प्राण कंठाशी, आणि इकडे लोक ह्याच्या नावाचे फलक धरून बसलेले. दहा मिनिटं उरली तेव्हा मॅनेजरने ह्याला आत पाठवलं. सगळं मैदान उभं राहिलं. मीही राहिले... नाही, रडले नाही. म्हणजे तेव्हा नाही.

मग त्यांना मिळाला कॉर्नर. मॅनेजर ओरडला, सगळे मागे या. हा उंच, म्हणून ह्यालाही आपल्याच गोलपोस्टसमोर उभं केलं. आता तुम्हीच सांगा, उभ्या जन्मात ज्याने दुसऱ्याच्या गोलपोस्टकडेच तोंड केलं, त्याला तिथे उभा करायचा? मांजराला दुधाच्या राखणीला ठेवण्यातला प्रकार... हो ना. बॉल आला आणि हा उडाला. काय उडाला म्हणून सांगू. वर्षभरात तसा उडालेला मी बघितला नव्हता. मी गुडघ्याकडेच बघत होते, सवयीने. बॉल कपाळाच्या बरोबर मधोमध बसला आणि गेला थेट लांबच्या कोपऱ्यात. आमचा गोलकीपर जागचा हलला नाही. त्याला तरी काय माहीत, घरचाच माणूस मारेल म्हणून.

इथवर ठीक होतं हो. होतं असं, खेळ आहे. पण त्याचे हात... हो, तेच. तेच तर टीव्हीवर सारखं दाखवतायत. दोन्ही हात वर. गोल झाल्यावर करायचा तसे. मग एकदम थांबला, एक हात डोक्यावर ठेवला, आणि दुसरा तसाच हवेत राहिला, कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. तेवढ्यात तुमचा तो टकल्या बचावपटू धावत आला, ह्याचा जुना जोडीदार, आणि त्याने ह्याला घट्ट मिठी मारली. माझी खात्री आहे, त्यालाही कळलं नव्हतं आपण कुणाला मिठी मारतोय ते. पण लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. जुना क्लब, जुना दोस्त, वर गेलेले हात. झालं. शेवटच्या दिवशी जुन्या मालकाच्या मिठाला जागला म्हणे.

मॅच तशीच संपली, बरोबरीत. त्यात माइकवाल्याने निरोपाचं भाषण आधीच लिहून ठेवलेलं. त्याने ते वाचलंच. शेवटच्या क्षणापर्यंत गोलची भूक होती म्हणे ह्याला... नाही, कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिट्ट्या मारत होते. हा मध्ये फुलं घेऊन उभा, आणि ज्यांनी ह्याचे फलक आणले होते तेच फलक गुंडाळून निघाले.

तेव्हा रडले, हो.

आज सकाळी मॅनेजरचा फोन आला, माझ्या फोनवर. बातमीदार जमलेत, एकदा येऊन समोर बोल म्हणाले. नाहीतर हा डाग बसेल तो बसेलच. आणि पोरांना शिकवायचं जे काम ह्याला देणार होते ना, त्याबद्दलही मालक मंडळी का-कू करायला लागली होती. हा म्हणाला, येत नाही. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांना काय सांगायचं? गाव सोडून जाऊ म्हणाला. मी म्हटलं कुठे जायचं? माझं हॉस्पिटल इथे, लेकीची शाळा इथे. तर चहाच्या कपात बघत बसला.

मग माझं डोकं फिरलं, ताई. म्हटलं, मुद्दाम मारायला जमायला तरी हवं ना तुला. वर्षभर समोरच्या जाळ्यात एक घालता आला नाही, आणि तू म्हणे ठरवून, डोक्याने, कोपऱ्यात घालणार... हो, असंच म्हटलं, तोंडावर... नाही हसला. कप ठेवला, उठला आणि गाडीत जाऊन बसला. मी मागे धावले, चपलासुद्धा दोन वेगळ्या घालून.

तिथे क्लबवर एक पोरगेलासा बातमीदार होता. त्याने सरळ विचारलं, गोल मुद्दाम केलात का? ह्याने खुर्ची मागे सरकवली, मला वाटलं, आता उठून जाणार. मग म्हणाला, "अहो, ठरवून गोल मारता आला असता तर मी रिटायर कशाला झालो असतो?"

बघा. माझंच वाक्य. जरा धुऊन इस्त्री केलं आणि वापरलं. माझं नाव घेतलं का? छे... हो, हसले ना. आधी मॅनेजर हसले, मग सगळे. तो पोरगा मात्र चिवट. मग हात का वर गेले म्हणाला. तर हा एवढंच म्हणाला, "सवय." आणि उठला.

पुढे सगळं सुरळीत झालं. मॅनेजर दारापर्यंत आले, सोमवारपासून ये म्हणाले पोरांना शिकवायला. आता वर्षभर उपाशी राहिलेला माणूस दुसऱ्यांना स्वयंपाक शिकवणार. शिकवेल तसा चांगला... हो, मलाही बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

पण खरं ते त्याने तिथे सांगितलं नाही, ताई. मला गाडीत सांगितलं. मी चालवत होते, हा खिडकीबाहेर बघत होता. आपणहून म्हणाला, "बॉल कपाळावर बसला ना, तेव्हाच कळलं, हा जाणार. वर्षभर तो आवाज ऐकला नव्हता गं. मी खूश झालो. मग आमचा गोलकीपर दिसला."

एवढंच. मला चिडवायला काही सुचलंच नाही. घरी आणलं आणि पान वाढलं.

ताई?... आहात ना?... रडताय का?... मग हसताय? एक काहीतरी करा बाई, मला कळेना झालंय... काय?... पुन्हा सांगा, नीट ऐकू आलं नाही.

तुम्ही मॅच बघितली? तुम्ही? कधी एक बघितली नाहीत, छातीत धडधडतं म्हणून भांडी घासत बसता... अच्छा, शेवटची म्हणून... शेजारणीकडे, टीव्हीवर... हो... हो, सगळे उठले असणारच, त्यांचाच क्लब वाचला ना... आणि टीव्हीवर ह्याचे हात वर...

ताई. तुम्हाला वाटलं, त्याने खरंच मारला, समोरच्यांवर?

कोणती जाळी कुणाची ते... नाही कळत हो, मलाही पहिली दोन वर्षं कळायचं नाही... टाळ्या वाजवल्यात?... उडी? त्या कंबरेने?... आणि शेजारणीच्या गळ्यात पडून, माझा भाऊ, माझा भाऊ म्हणून... आणि तिला वाटलं, तुम्ही त्यांच्या बाजूने... अरे देवा. म्हणून मघाशी ते दुकानदाराचं पुराण लावलं होतंत होय?

लाज कसली त्यात?... नाही, नाही. हे मी सांगणार नाही त्याला. तुम्हीच सांगा... आत्ताच. उठलाय तो, पाऊल वाजलं आत... अजिबात ठेवायचा नाही फोन. थांबा हं, ताई, थांबा.

अरे, इकडे ये जरा... ताई आहेत... नाही, मुद्दाम का म्हणून विचारत नाहीयेत. तू घे तर खरं. तुझ्या त्या गोलने तुझ्याइतकंच खूश झालेलं आणखी एक माणूस सापडलंय.