साहेबापुढची स्पॅनिश रूपं

खरं वाटेल की नाही, मलाच शंका आहे, पण ऐका. देवास संस्थानात दोन पात्या, म्हणजे दोन वेगळ्या गाद्या. धाकट्या पातीनं फ्रेंच जाणणारा मास्तर ठेवला, म्हणून आमच्या थोरल्या पातीच्या कारभाऱ्यांनी मला पुस्तकावरून स्पॅनिश शिकायला लावलं. पुढं स्पेनमध्ये राहिलेला एक साहेब पाहुणा आला. कारभारी कानाशी म्हणाले, "मास्तर, चुकलात तर नोकरी गेली."

साहेबानं 'बोलणे' या क्रियापदाची संकेतार्थी भूतकाळाची रूपं विचारली. मी संस्कृत रूपावलीच्या चालीवर सुरू झालो, "आब्लारा, आब्लारास, आब्लारा..."

साहेब पोट धरून हसला. "पुरे, पंडित! ही तर पूजा झाली!"

मी म्हणालो, "रूपं अर्ध्यावर सोडत नाहीत, साहेब." सगळी म्हटली. "या काळाच्या रूपांचा दुसरा संचही आहे. तो आपण म्हणा."

साहेब घाईघाईनं चिरूट पेटवू लागला. मग नोकरीचा विचार सोडून तो संचही मीच म्हटला, त्याच चालीवर, आणखी मोठ्यानं.